राबवायला जुनी फ्रेंच गाडी घ्यावी का?

बागेत राबवायला एखादी जुनी, स्वस्त गाडी घ्यावी, हे आमच्या घरात सर्वांना मान्य होते. ती फ्रेंच वंशाची असावी, हे मात्र माझ्याशिवाय कोणालाच पटत नव्हते. पावसजवळच्या आमच्या वाडीपासून कलमांची बाग सहा किलोमीटरवर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहे आणि त्यातला शेवटचा दीड किलोमीटर चिरे वाहणाऱ्या ट्रकांनी पार उखडून टाकला आहे. आंब्याच्या पेट्यांसाठी टेम्पो सांगावा लागतो, तो पुढेही लागणारच. पण फवारणीचा पंप, खताची पोती, दोन-तीन गडी आणि त्यांच्या जेवणाचे डबे ही रोजची ने-आण मुलाने हौसेने घेतलेल्या नव्या गाडीतून करणे मलाच बरे वाटेना. एकदा मोहोराच्या फवारणीच्या दिवसांत औषधाचा कॅन मागच्या सीटवर कलंडला, तो वास पुढच्या गणपतीपर्यंत गेला नाही.

जुनी मारुतीच घ्या, असे दहापैकी नऊ जण सांगतात आणि त्यांचा सल्ला चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र नऊ जण तेच सांगतात म्हणूनच जुन्या मारुतीची किंमत उतरत नाही, आणि ज्या पैशात थकलेली छोटी गाडी मिळते, त्याच पैशात कोणी विचारत नसलेली मोठी गाडी मिळते. लोगान ही त्यांतलीच एक. महिंद्र आणि फ्रेंच कंपनी रेनो यांच्या भागीदारीतून २००७ मध्ये ती आपल्याकडे आली, २०१० मध्ये भागीदारी संपली, आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो या नावाने महिंद्रच्या शिक्क्यासह विकली गेली. दिसायला ती लाकडी खोक्यासारखी आहे, हे मान्य करूनच पुढे जावे. पण तिच्या डिकीत ५१० लिटर जागा आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २,६३० मिलिमीटर असल्यामुळे मागे तीन गडी गुडघे न दुमडता बसतात.

फ्रेंच गाडी म्हटले की आमच्या पिढीला आठवते ती प्यूजो ३०९. प्रीमियर कंपनीशी भागीदारी करून ती नव्वदच्या दशकात कल्याणला तयार होत असे आणि काही वर्षांतच तो सगळा मामला आटोपला. ‘सुटे भाग मिळणार नाहीत’ ही भीती लोकांच्या मनात तेव्हापासून बसली आहे आणि ती निराधार नाही. मात्र याच कथेचा दुसरा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. त्याच प्यूजोचे १,५२७ सीसीचे डिझेल इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत बसवले, म्हणजे जी माणसे फ्रेंच गाडीला नाक मुरडत होती, त्यांतली काही जण नकळत फ्रेंच इंजिनावरच फिरत होती. गाडी गेली, इंजिन राहिले.

मला या प्रश्नाची किल्ली इथेच सापडली. गाडीच्या नाकावरचे चिन्ह पाहण्यापेक्षा तेच इंजिन आपल्या देशात आणखी किती गाड्यांत बसले आहे, हे आधी विचारावे. लोगान आणि व्हेरिटोमधले १,४६१ सीसीचे डिझेल इंजिन हे रेनोचेच. कमी-अधिक ताकदीच्या रूपांत तेच इंजिन डस्टरमध्ये आहे आणि निसानच्या मायक्रा, सनी व टेरानोच्या डिझेल गाड्यांतही आहे. इतक्या गाड्या रस्त्यावर असल्या की फिल्टर, पट्टे, पाण्याचे पंप बाजारात राहतात, आणि हे इंजिन उघडून पाहिलेला मेस्त्रीही कुठे ना कुठे सापडतो. अर्थात नुसत्या इंजिनावर भागत नाही. रेनोची फ्लुएन्सही याच इंजिनाची होती, आणि जुन्या बाजारात ती इतकी देखणी व स्वस्त दिसते की माझाही दोन दिवस मोह झाला होता. पण ती मुळातच थोडी विकली गेली, त्यामुळे उद्या गुरांच्या शिंगाने तिचा दिवा फुटला तर दुसरा शोधण्यातच पावसाळा जायचा. व्हेरिटो मात्र टॅक्सी म्हणून भरपूर चालली, आणि ज्या गाडीच्या टॅक्सी झाल्या, तिचे दरवाजे, दिवे, आरसे भंगारवाल्याकडे मिळतात.

इंजिनाचा मोठा धोका एकच आहे, आणि तो समजून न घेता ही गाडी घेऊ नये. त्यात टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची चाल जुळवण्यासाठी, साखळी नसून दात्यांचा रबरी पट्टा आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, आणि मग इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. पट्टा केव्हा बदलला याचा कागद मालकाकडे नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून भाव करावा आणि पाण्याचा पंपही त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण तो त्याच पट्ट्यावर फिरतो आणि त्याच्यासाठी पुन्हा सगळे उघडण्यात शहाणपण नाही.

कोकणात मात्र इंजिनाआधी पत्रा पाहावा लागतो. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि चाकांच्या कमानीत थापून बसणारी तांबडी माती यांनी गाडी खालून कुजते, आणि वरून ती नव्या रंगात चकाकत असते. मी खिशात दोऱ्याला बांधलेले छोटे लोहचुंबक घेऊन फिरलो. दारांच्या खालच्या पट्टीवर ते टकटक चिकटत पुढे गेले आणि एकाएकी घसरून लोंबू लागले, तर तिथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. ब्रेकच्या नळ्या आणि बॅटरीखालची बैठक मी टॉर्च लावून स्वतः पाहिली. या दोन जागा विकणाऱ्याला रंगवायला सहसा सुचत नाहीत.

पहिली गाडी, लोगान, जिल्ह्यातलीच होती आणि मालकाने सत्तर हजार सांगितले होते. चुंबक सगळीकडे चिकटले, आतले आसन-अभ्रे कोरे करकरीत होते, आणि मी जवळजवळ विसार द्यायला निघालो होतो. आमच्या मेस्त्रीने मात्र काही न बोलता चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट सरसर ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. वरचा हातभर पट्टा काळा होता. त्याच्या पुढे एक तपकिरी रेघ होती आणि रेघेच्या पलीकडचा पट्टा कडक, खरखरीत लागत होता. मग त्याने डिकीतले स्टेपनीचे चाक उचलले, तर खळग्याच्या सांध्यात बारीक राखाडी गाळ वाळून बसला होता, आणि आमच्याकडची माती तर तांबडी. ‘काका, ही पोहून आलीय,’ एवढेच तो म्हणाला. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांतल्या काही धुऊनपुसून अजूनही फिरत असणार. ही त्यांतलीच होती असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण वायरिंगमध्ये पाणी जाऊन आलेली गाडी फुकटातही परवडत नाही. मालकाने गाळाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, याचा राग मला अजून आहे.

त्यानंतर मी घाटावरच शोध घेतला. कोल्हापूरकडे पाऊस काही कमी नाही, पण खारी हवा नाही. तिथे २०१३ ची डिझेल व्हेरिटो मिळाली, तिचे एक लाख पाच हजार ठरले. बॉनेटखाली डिझेलच्या नळीवर रबराचा एक हातपंपाचा फुगा असतो. तो मऊ पडला होता, म्हणून मेस्त्रीने तो घट्ट होईपर्यंत पिळला आणि गाडी दुसऱ्या किल्लीला सुरू झाली. फुगा परत मऊ पडतो का, हे पाहायला आम्ही चहा घेऊन अर्ध्या तासाने आलो. तो घट्टच होता, म्हणजे नळीत हवा शिरत नव्हती.

कागदपत्रांचा हिशेब लोक विसरतात. ही गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होईल आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे, आणि पर्यावरण कर त्याशिवाय. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद करणारा दिल्लीतला नियम आपल्याकडे नाही, पण ते ऐकून घाबरलेले मालक गाडी स्वस्तात सोडतात, हा फायदाच म्हणायचा. डिझेल घेण्यामागे माझे आणखी एक कारण आहे: वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल या वयाच्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना कितपत मानवते, ही चिंता त्यात उरत नाही.

टायमिंगच्या पट्ट्याचा कागद या मालकाकडेही नव्हता, म्हणून भावातून नऊ हजार उतरवून घेतले. पट्टा बदलल्याशिवाय आंबा घाट उतरायचा नाही, अशी मेस्त्रीची अट होती, आणि त्यासाठी आम्ही कोल्हापुरात एक मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी काढलेला पट्टा त्याने माझ्या हातात दिला. दोन दात्यांच्या मधोमध नखाएवढ्या चिरा पडल्या होत्या, आणि पाठीवर पुसट पांढऱ्या अक्षरांत, अजून वाचता येईल असे, २०१३ हे साल छापलेले होते.