आमवात आणि बारा नंबरचा रॉड

मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, आमच्याकडं ज्याला आमवात म्हणतात तो. उतारवयात गुडघे झिजतात तो प्रकार निराळा. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट जास्त होतो. माझा चाळिशीनंतर सुरू झाला, दोन्ही मनगटांपासून आणि बोटांच्या पेरांपासून. सकाळी उठल्यावर बराच वेळ मूठ वळत नाही; दात घासायचा ब्रश धरायलाही दोन हात लागतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी मळमळ, रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ठरावीक महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या, वर्षाकाठी डोळ्यांचा पडदा तपासून घेणं, असा सगळा संसार आहे.

अशा बाईनं वेल्डिंग कशाला शिकायचं, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय. मला एक स्टूल हवं होतं. ओट्याशी बसून काम करता येईल आणि उठताना हातांवर जोर पडणार नाही, अशा उंचीचं. बाजारात मिळतं ते एकतर फार बुटकं, नाहीतर चढायलाच शिडी लागेल असलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कोल्हापुरात, त्यातून उद्यमनगरच्या आसपास राहणाऱ्याला यात नवल नाही. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथं लेथ, फाउंड्री आणि वेल्डिंगची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथल्या मामांकडं माप दिलं, त्यांनी करून दिलं, मला ते उंच वाटलं. कापून कमी केलं, तर ते बुटकं वाटलं. शेवटी वैतागून म्हणाले, "ताई, तुम्हीच येऊन बसा हितं, आणि सांगा कुठं काय पायजे."

मी खरंच जाऊन बसले. दुकानातली वेल्डिंगची एक जुनी काळी काच डोळ्यांसमोर धरून त्यांचं काम बघत राहिले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मामा घामाघूम होत होते ते पाइप उचलताना, ग्राइंडर चालवताना, हातोडीनं स्लॅग, म्हणजे जोडावर बसलेली खपली, उडवताना. प्रत्यक्ष रॉड, म्हणजे वेल्डिंगची कांडी, जळत असताना माणूस अगदी स्वस्थ बसलेला. हात सरकतोय की नाही हेही कळू नये इतका सावकाश. म्हणजे माझ्या हातांना न झेपणारं सगळं वेल्डिंगच्या आधी होतं आणि नंतर होतं. मधलं तेवढं झेपण्यासारखं होतं.

संधिवाताच्या डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी एकेक अवयव घेऊन समजावलं. पहिलं फुप्फुस. आमवात स्वतः फुप्फुसात उतरू शकतो, क्वचित मेथोट्रेक्सेटमुळंही तिथं दाह होतो, आणि त्यात वेल्डिंगचा धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली हा धूर कर्करोगाच्या नक्की ठरलेल्या कारणांच्या पहिल्या गटात टाकला, त्याच्या जोडीला वेल्डिंगमधले अतिनील किरणही. तेव्हा आधी छातीचा एक्स-रे, काम उघड्यावर, आणि मास्कशिवाय एकही रॉड नाही. दुसरी मान. या आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल पडू शकतो. वेल्डर लोक मानेला हिसका देऊन डोक्यावरचा मुखवटा खाली पाडतात ना, ते मला कायमचं बंद. तिसरी कातडी. माझ्या दोन्ही औषधांनी ती उन्हाला हळवी होते, आणि आर्कचा, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीचा, उजेड उन्हाच्या वरताण. शिवाय प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणजे भाजलं तर जखम चिघळायची भीती.

एवढं ऐकून घरच्यांना वाटलं, मिटलं. मला मात्र ती खरेदीची यादी वाटली.

आपोआप काळी होणारी काच असलेला मुखवटा घेतला. आर्क पेटली की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत ती काळी होते, त्यामुळं तो आधीच तोंडावर ओढून ठेवता येतो आणि मान हलवावी लागत नाही. काचेचा काळेपणा १० नंबरवर लावला. मास्क एन-९५, मुखवट्याच्या आत. अंगात नवऱ्याचा जुना जाड सुती शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि जीन्स. ओढणी नाही, पॉलिस्टर तर नाहीच. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. जाड चामड्याच्या मोज्यांत माझी बोटं हलेनात, म्हणून बकरीच्या मऊ कातड्याचे पातळ मोजे शोधले. मशीन इन्व्हर्टरचं, २०० अँपिअरचं, घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर चालणारं. मामांचं तांब्याच्या वेटोळ्यांचं जुनं धूड दोघांनी उचलावं लागतं. हे मी खांद्याला पट्टा अडकवून नेते.

मामांनी शिकवायला सुरुवात केली तीच मुळी "रॉड दाबू नका" या वाक्यानं. कांडी चार-पाच मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीवर काडेपेटीची काडी ओढावी तशी ओढायची आणि लगेच रॉडच्या जाडीइतकी वर घ्यायची. जास्त वर घेतली तर आर्क विझते, कमी घेतली तर रॉड चिकटतो. चिकटला की मनगटाला पीळ देऊन सोडवायचा असतो, आणि मनगटाला पीळ हीच माझी दुखरी गोष्ट. त्यावर तोड म्हणजे होल्डरचा, रॉड धरणाऱ्या चिमट्याचा, खटका दाबून रॉड तिथंच सोडून द्यायचा आणि गार झाल्यावर पक्कडीनं काढायचा. पण खटक्याची स्प्रिंग एवढी ताठ की बोटांनी दबेना. मग शेजारी लाकडाचा एक ठोकळा ठेवला. खटका त्याच्यावर टेकवायचा आणि तळहाताच्या भारानं दाबायचा. ठोकळा लाकडाचाच हवा, कारण टेबल लोखंडी आहे आणि अर्थिंगचा चिमटा त्यालाच लावलेला असतो.

रॉड ६०१३. यातल्या ६० चा अर्थ जोडाची ताकद चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड; १ म्हणजे आडवा, उभा, डोक्यावरचा, कसाही मारता येतो; आणि शेवटच्या आकड्यावरून वरच्या लेपाची जात कळते. हा लेप जळून वायूचं आवरण तयार करतो आणि वितळलेलं लोखंड हवेपासून राखतो, मग स्लॅग होऊन वर बसतो. दुकानात कुणी मिलिमीटर बोलत नाही. अडीच मिलिमीटरचा तो बारा नंबर, ३.१५ चा तो दहा नंबर. नंबर वाढेल तसा रॉड बारीक. मला बारा नंबर मानवला. तो ६० ते ८० अँपिअरमध्ये जळतो, उष्णता कमी, धूरही कमी.

खरी मेख अशी की रॉड जळत जातो तसा आखूड होतो. म्हणजे हाताला एकाच वेळी दोन कामं, जोडाच्या दिशेनं पुढं सरकायचं आणि तितक्याच संथपणे खाली यायचं. सुरुवातीला ३५० मिलिमीटरच्या रॉडचं टोक इतकं थरथरायचं की पट्टीवर जोड कमी आणि ठिपके जास्त. मामा म्हणाले, "रॉडकडं बघू नका, ताई. मागं जे पाणी होतंय ना लोखंडाचं, त्याच्याकडं बघा. ते किती रुंद झालंय त्यावर हात हलतो." यावर मी उजवा कोपर टेबलाच्या कडेला टेकवला, डावा हात उजव्या मनगटाखाली घातला आणि होल्डरच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबचे वेढे दिले, कारण जाड मूठ धरायला बोटं कमी वळवावी लागतात. मग त्या चकाकत्या थेंबाकडं बघत बसले. त्याच्या मागच्या कडेला स्लॅग काळसर होत जातो, पुढची कडा लखलखीत राहते, आणि कानाला एकसारखी चरचर. चरचर तुटली की समजायचं, अंतर चुकलं. हे साधलं त्या संध्याकाळी स्लॅगची खपली आपण होऊन उचकटून वळली, हातोडी मारावीच लागली नाही. मामांनी ती पट्टी उलटून पाहिली आणि गिऱ्हाइकाशी बोलायला निघून गेले. त्यांच्याकडून एवढी पावती पुष्कळ झाली.

आता आधीचं आणि नंतरचं. पाइप मी स्वतः कापत नाही. माप लिहून देते, ते कटऑफ मशीनवर कापून देतात. ग्राइंडर मी हातात धरत नाही. त्याच्या थरथरीनं मनगट दोन दिवस सुजतं, आणि चाक अडकून उसळलं तर माझी पकड टिकणार नाही. म्हणून जोड असा मारायचा की घासावा लागू नये. घासण्यावाचून गत्यंतर नसलं तर मामांकडचा पोरगा घासून देतो, त्याचे पैसे घेतो. काटकोनासाठी चुंबकाचा गुण्या आहे, तो दोन तुकडे धरून ठेवतो आणि माझा एक हात मोकळा राहतो. चारी कोपरे आधी टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे कच्चे जोड, मारून घ्यायचे, तेही समोरासमोरचे. एकच बाजू सलग मारत गेलं तर गार होताना जोड आकसतो आणि चौकट त्या बाजूला ओढली जाते. एक इंची चौकोनी पाइपची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर असते. तिथं करंट ५५ पर्यंत उतरवायचा आणि थांबत थांबत मारायचं, नाहीतर भोक ठरलेलं.

वेळही ठरवून घेतली. सकाळी नाही, कारण बोटं ताठ असतात. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी नाही. उरलेल्या दिवसांत पाच ते सात, ऑफिसमधून आल्यावर. पावसाळ्यात जवळजवळ बंदच. कोल्हापूरचा जुलै म्हणजे भिंतींनाही ओल सुटते. रॉडचा लेप ओल धरतो, आर्क फुरफुरते. आणि ओले हात, ओली जमीन आणि होल्डर ही तीन एकत्र येऊ देणं म्हणजे शॉकला आवतण. मशीन नुसतं चालू ठेवलं तरी होल्डरवर साधारण ६०-७० व्होल्ट असतात.

गूळ आला नसता तर हे कोल्हापूर कसलं! वेल्डिंगनंतर गुळाचा खडा खाल्ला की धूर छातीत बसत नाही, असं दुकानातला प्रत्येकजण मला सांगतो. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गूळ खा, पण मास्क काढून खा आणि खाऊन झाल्यावर परत लाव. गूळ अन्ननलिकेतून जातो, धूर श्वासनलिकेतून.

जी.आय. पाइपाला मात्र मी हातच लावत नाही. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. धडधाकट माणसाचा तो दिवस-दोन दिवसांत उतरतो. माझी गोष्ट वेगळी. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला ताप आला की जंतुसंसर्ग तर नाही ना, हे आधी बघावं लागतं, गोळी थांबवायची का ते विचारावं लागतं, रक्त द्यावं लागतं. जस्ताचा ताप आणि संसर्गाचा ताप अंगाला हात लावून ओळखता येत नाहीत. भंगारातला पाइप स्वस्त पडतो म्हणून मोह होतो, पण चकचकीत किंवा राखाडी फुलं दिसली की तो परत ढिगात.

मध्यंतरी आजार उसळला. दोन्ही मनगटं सुजली, औषध वाढवलं, नवीन गोळी आली, आणि मशीन कपाटावर गेलं ते बरेच आठवडे खाली आलं नाही. वेल्डिंगनं संधिवात बरा होतो असं मी चुकूनही म्हणणार नाही. सुजेचं रक्तातलं मोजमाप, ते सीआरपी, माझ्या छंदाला भीक घालत नाही. वेल्डिंगमुळंच उसळला, असं नातेवाइकांनी ठरवून टाकलं. डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. पुन्हा बसले तेव्हा हात पहिल्या दिवसासारखा थरथरला, पण डोळ्यांना त्या लोखंडाच्या पाण्याची ओळख राहिली होती, आणि हात त्यांच्या मागोमाग वळणावर आला.

स्टूल झालं, ओट्याशी आहे. एका पायाचे जोड बघण्यासारखे आहेत, दुसऱ्याचे भिंतीकडं केलेत. मग बागेतल्या नळाच्या चावीला वीतभर लांब पट्टी जोडली. दांडी लांब केली की जोर कमी लागतो, आता ती तळहातानं ढकलून उघडते. तसाच एक दांडा गच्चीच्या दाराच्या कडीला. कुंड्यांचा स्टँड कंबरेच्या उंचीचा केला, वाकावं लागू नये म्हणून. हे असलं काम घेऊन गेलं तर कुठलाही फॅब्रिकेटर आठवडाभर टोलवतो. चूक त्याचीही नाही, त्याला त्यात सुटतं काय?

सध्या उभ्या जोडाशी झटापट चालू आहे. खालून वर जायचं, दोन्ही कडांना क्षणभर थांबत, आणि वितळलेलं लोखंड ओघळायच्या आत पुढं सरकायचं. कोपर टेकवायला जागा नाही, अख्खा हात अधांतरी, त्यामुळं पाच मिनिटांत खांदा बोलायला लागतो. मामांचं म्हणणं, जॉब फिरवून आडवा करता येत असेल तर उभं मारणारा येडा. माझे सगळे जॉब टेबलावर मावतात, तेव्हा फिरवते. शेजारच्या वहिनी परवा गेटचं विचारत होत्या. ते फिरवता यायचं नाही. त्यांना सांगितलं, गेट मामांकडंच टाका. तुमच्या कुंड्यांचं मी बघते, पण पावसाळा संपल्यावर.