कूलरचा षड्ज

दुपारी शेजारच्या घरातून पेटीवर अलंकार ऐकू आले. सारेग, रेगम, गमप... मपधला अडखळून परत पहिल्यापासून. तेवढ्यात कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं, "मामा झोपून राहिले ना बाप्पा!" आणि भाता मिटला. मे महिन्यात नागपुरात या वेळी पेटी काढणारं लेकरू एक तर फार गुणी असावं, नाही तर परीक्षेला बसलेलं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांचं एक सत्र ऐन एप्रिल-मेमध्येच असतं.

आमच्या महाल भागातल्या घरी सुट्टी लांबायचीही फार. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पुण्याची भावंडं गेली तरी अकोल्याची मुक्कामालाच. गच्चीवर कुरडया, पलंगाखाली आंबे, आणि बसण्यासारखी जागा एकच, कूलरसमोर. तिथे घरदार आडवं पडलेलं. आजी म्हणायची, "गा नं, तुले कोण नाही म्हणते? फक्त आवाज नको करू."

मामेभाऊ तबला शिकायचा. त्याचे हाल माझ्याहून वाईट. कूलरच्या ओल्या हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैलावायची, तबला उतरायचा. तो हातोडी घेऊन गट्टे, म्हणजे सूर चढवायचे लाकडी ठोकळे, ठोकायला लागला की मामा खडबडून उठायचे. मग तबला गॅलरीत. तिथे 45 डिग्रीत कातडं असं आवळायचं की तबला भलताच चढायचा. आत आणून चाटेवर, म्हणजे काठावर, बोट मारत बसलं, की थोड्या वेळात पुन्हा खाली. 'धा धिं धिं धा' त्या पोराने कमी वाजवलं, गट्टेच जास्त ठोकले. आता तो बँकेत आहे.

मी पेटी सोडलीच. कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूच्या गवती जाळ्यांवर, पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा कूलरला कान लावून त्याच्याच सुरात 'सा' धरायचा. त्या घरघरीत माझा आवाज कुणाला ऐकूही येत नसे. पुढे कधीतरी कळलं, आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून मोटरची गुणगुण त्याच्या दुप्पट, 100च्या आसपास असते. म्हणजे पेटीच्या पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर, काळी चारच्या खाली. पेटीवर त्या सुराला पट्टीच नाही! जूनमध्ये क्लास सुरू झाला की गुरुजी काळी चार धरायचे आणि दर वर्षी तेच म्हणायचे, "सुट्टीत सूर उतरला तुझा." त्यांना काय सांगणार, की सूर उतरला नाही, आमच्या कूलरचा आहे?

आता घरी एसी आहे. त्याला काही सूर नाही, नुसता फुसफुसतो. माणसंही मोजकीच, दुपारी खुशाल गळा काढावा. मोबाइलमधल्या तानपुऱ्यात सूर केसभर हलवायची सोय आहे. काळी चार लावते आणि हळूच खाली ओढते. सोबतीला पेटी घेऊन कुणी बसलं, तर मात्र घसा बसलाय म्हणून सांगते.