तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

"सर, तुम्ही मुंबईला का नाही गेलात?" तालमीला नवं आलेलं लेकरू हमखास विचारतं. हल्ली त्याला शेपूट असतं: "आणि आता या वयात कशाला हे?" दोन्हींचं उत्तर एकच आहे.

मी प्रकाशयोजना करतो. संभाजीनगरात, हौशी नाटकांची. जाणारे इथून गेले. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही 'जिगीषा' या इथल्या नाट्यसंस्थेची मंडळी मुंबईला गेली, तिथे नाव काढलं. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातूनही कुणी ना कुणी बॅग भरतंच. मला वाळूजला इलेक्ट्रिशियनची नोकरी होती, घरी आई होती. त्याग वगैरे काही नाही. लाइटवर पोट भरायचं ठरवलं की आलेल्या कुठल्याच नाटकाला नको म्हणता येत नाही, आणि मला नको म्हणायला फार आवडतं. कंपनीनं अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ दिला. नाटकानं कधी पगारच दिला नव्हता, त्यामुळे नारळ द्यायची सोय त्याच्याकडे नव्हती.

शहराचं म्हणाल तर आमच्या तालमी नळावर चालतात. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर पैठणला, तरी पाणी कितव्या दिवशी येईल ते विचारू नका. "सर, आज आमच्याकडे पाणी आहे," असं नायिका म्हणाली की दिग्दर्शकानं चडफडायचं आणि दुसऱ्याच प्रवेशाची तालीम लावायची. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की कुणाच्या गल्लीत कधी पाणी, याचा तक्ताच आम्ही भिंतीवर लावतो.

आता वय. शिडीवर चढणं बंद झालं. खाली खुर्चीत बसून "डावीकडे, अजून थोडं, हां, आवळ" असं ओरडतो. एलईडी आल्यामुळे जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत कागद, बदलायला वर जावंही लागत नाही, बोटावर रंग बदलतो. ही एक चांगली गोष्ट झाली, नाहीतर मला एलईडीचा उजेड आवडत नाही.

खरा घोळ डोळ्यांचा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि ते नेमका निळा रंग अडवतं. रात्रीच्या प्रवेशाचा सगळा जीव निळ्यात. म्हणून मोतीबिंदू वाढत होता तेव्हा निळा किती ठेवायचा, हे ठरवायचं काम मी ग्रुपमधल्या एका पोरीकडे सोपवलं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, तर दवाखान्याची पांढरी भिंतही मला निळसर दिसली. इतका निळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता!

तरी ते खातं तिच्याकडून परत घेतलेलं नाही. तिच्या रात्रीत निळा जेमतेम असतो, अंधारच जास्त. नटांचे चेहरे दिसत नाहीत म्हणून मी भांडतो. ती म्हणते, "सर, रात्री कुठं दिसतात?" परीक्षकांना ते कधी पटतं, कधी नाही. मला अजून पटलेलं नाही, पण भांडायला मजा येते, आणि त्यासाठी रोज संध्याकाळी गाडी काढून जावंसं वाटतं.

जानेवारीत ती मुंबईला जाते आहे. मी अडवलं नाही. स्पर्धेचा प्रयोग करून जा, एवढंच म्हटलं.