‘अग्रे’ की ‘अग्नेः’? श्लोक पुढे पाठवण्याआधी

‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’ ही ओळ तुमच्या फोनवर एकदा तरी येऊन गेलीच असेल. वर कृष्णार्जुनाचं चित्र आणि खाली टोमणा, की आपल्याला आजवर अर्धाच श्लोक शिकवला. प्रत्यक्षात उलटं आहे. अर्धा श्लोक कुणी लपवलेला नाही, अर्धा नव्याने चिकटवलेला आहे.

महाभारतात ‘अहिंसा परमो धर्मः’ हे शब्द एकाहून जास्त ठिकाणी येतात. आदिपर्वात डुंडुभ नावाचा साप रुरूला ते ऐकवतो. अनुशासनपर्वात मांसाहाराची चर्चा चालू असताना भीष्म युधिष्ठिराला सांगतात, ‘अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः’, आणि पुढे अहिंसा हेच परम दान, हेच परम तप अशी ओळच लागते. ‘धर्महिंसा तथैव च’ कुठेही नाही. ज्याने कुणी ते रचलं त्याला छंदाचा कान मात्र होता. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरं, पाचवं लघू, सहावं गुरू. दुसऱ्या-चौथ्या चरणात सातवं पुन्हा लघू. धर्-म-हिं-सा-त-थै-व-च मोजून बघा, सगळं जागच्या जागी. म्हणून ‘श्लोक म्हणताना अडखळत नाही’ हा अस्सलपणाचा पुरावा होत नाही. व्याकरणाने मात्र रचणाऱ्याची जिरवली आहे. ‘धर्महिंसा’ हा समास सरळ सोडवला तर ‘धर्माची हिंसा’ असाही अर्थ निघतो, म्हणजे धर्माला मारणं हाही परम धर्म!

तेव्हा पहिलं काम अर्थ लावण्याचं नाही, पाठ म्हणजे मूळ शब्द तपासण्याचं आहे. श्लोक पूर्ण, चारही चरणांसह लिहून घ्यायचा. ग्रंथ, पर्व किंवा अध्याय, श्लोक क्रमांक आणि आवृत्ती, या चार गोष्टी मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आवृत्ती का, तर महाभारताच्या प्रचलित पोथीतले अध्याय-क्रमांक आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतले क्रमांक जुळत नाहीत. त्या आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. वर मुख्य पाठ आणि खाली कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा आहे याच्या तळटीपा, अशी तिची मांडणी. एखादी ओळ वर नाही आणि तळटीपांतही नाही, तर ती महाभारतातली म्हणून सांगायला आधार उरत नाही. नुसतं ‘महाभारतात आहे’ म्हणणं म्हणजे ‘पुण्यात राहतो’ एवढ्या पत्त्यावर पाहुण्याला बोलावणं.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणासाठी. वेगवेगळे पाठ शिरून पोथ्या बिघडल्या होत्या. ज्ञानेश्वरीत आपल्या पदरची ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं, हा त्यांचा इशारा प्रसिद्धच आहे.

पाठ बिघडला की काय होऊ शकतं याचं सगळ्यात भयानक उदाहरण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त, सातवी ऋचा. ‘इमा नारीरविधवाः सुपत्नीः’ अशी तिची सुरुवात आणि ‘आ रोहन्तु जनयो योनिमग्रे’ असा शेवट. अंत्यविधीला जमलेल्या, नवरे जिवंत असलेल्या बायकांनी अंजन-तूप लावून, डोळ्यांत पाणी न आणता, ‘अग्रे’ म्हणजे आधी आपल्या जागी जावं, असा सरळ अर्थ. सतीच्या समर्थनासाठी ही ऋचा पुढे केली गेली तेव्हा ‘अग्रे’च्या जागी ‘अग्नेः’ वाचलं गेलं. रकाराचा नकार झाला, पुढे विसर्ग आला, आणि बायका ‘अग्नीच्या स्थानी’ चढू लागल्या.

आता असं धरू की आपल्यासमोर दुसरी पोथीच नाही आणि हाती ‘अग्नेः’ हाच पाठ आहे. तरीही सावध वाचकाने थांबायला हवं होतं. त्याच ऋचेत ‘अविधवाः’ हा शब्द आहे. विधवा नसलेल्यांना सती जायला कोण सांगेल? पुढची ऋचा तर प्रेताशेजारी पडलेल्या बाईलाच उद्देशून आहे: ‘उदीर्ष्व नार्यभि जीवलोकम्’, बाई गं, ऊठ, जिवंतांच्या जगाकडे ये, तू ज्याच्याजवळ निजली आहेस त्याचे प्राण गेलेत. आश्वलायन गृह्यसूत्र हा घरगुती विधींचा ग्रंथ याच मंत्राचा विनियोग, म्हणजे विधीतला वापर, सांगतो, की दिराने, शिष्याने किंवा घरच्या म्हाताऱ्या सेवकाने हा मंत्र म्हणून तिला चितेवरून उठवावं. म्हणजे त्याच ओळीतला शब्द, शेजारची ऋचा आणि विधीत तिचा होणारा वापर, तिन्ही जागी चूक पकडता येत होती. कायद्याने सती बंद झाली ती 1829 मध्ये.

पाठ पक्का झाला की प्रकरण, म्हणजे मागचापुढचा संदर्भ. निदान आधीचे पाच आणि नंतरचे पाच श्लोक वाचायचे, आणि बोलतोय कोण, कुणाला, कशाच्या उत्तरादाखल हे टिपायचं. महाभारतात दुर्योधनही बोलतो, शकुनीही बोलतो. त्यांचं वाक्य ‘महाभारत सांगतं’ म्हणून फिरवणं हा सर्रास होणारा घोटाळा आहे. मोठ्या ग्रंथाचं किंवा अध्यायाचं तात्पर्य काढायला मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातल्या पंडितांनी, एक ठोकताळा दिलाय: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. सुरुवात आणि शेवट कशाने झाला, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली, इथेच नवी अशी कोणती सांगितली, परिणाम काय झाला, स्तुती किंवा निंदा कशाची केली, युक्तिवाद कशासाठी मांडला. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात ही कसोटी घेतली आहे. गीतेला लावून बघा. दुसऱ्या अध्यायात ‘न योत्स्ये’ म्हणून अर्जुन गप्प बसतो आणि अठराव्यात ‘करिष्ये वचनं तव’ म्हणून उठतो. शंकराचार्यांना ही कसोटी ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल, तरी त्यांचं तात्पर्य संन्यासाकडे झुकतं आणि टिळकांचं कर्मयोगाकडे. कसोटीने एकच उत्तर निघतं असं नाही. पण ‘चातुर्वर्ण्यं मया सृष्टं’ एवढंच म्हणून ‘गुणकर्मविभागशः’ गिळणाऱ्याला ती पहिल्याच पायरीवर अडवते.

अर्थवाद हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा, कारण निम्मे गोंधळ त्याच्यापाशी होतात. ‘अमुक करावं’ हा विधी. ‘वायू ही सगळ्यात वेगवान देवता आहे’ हा अर्थवाद. वायूला द्यायच्या आहुतीची गोडी लागावी म्हणून केलेली स्तुती. अर्थवादातून वेगळा हुकूम काढायचा नसतो. व्रताच्या पोथीतलं ‘हे ऐकल्याने हजार गायींचं दान घडतं’ हे वाक्य गायींचा हिशोब सांगत नाही, ऐकायला बसवतं.

या सगळ्याची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकात झाली, विधवाविवाहाच्या वादात. पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला श्लोक: ‘नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ, पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते’. नवरा बेपत्ता, मेलेला, संन्यासी झालेला, नपुंसक किंवा पतित असेल, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हाच आधार घेतला. सोबत त्याच स्मृतीच्या पहिल्या अध्यायातली ओळही जोडली, की कृतयुगात मनूचा, त्रेतात गौतमाचा, द्वापरात शंख-लिखितांचा आणि कलियुगात पराशराचा धर्म. म्हणजे ‘हे जुन्या युगासाठी होतं’ ही पळवाट पराशरापुरती बंद.

विरोधकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ‘पति’ शब्दाची सप्तमी ‘पत्यौ’ होते, ‘पतौ’ नाही. पाणिनीच्या ‘पतिः समास एव’ या सूत्राप्रमाणे ‘पतौ’ हे रूप समासातच चालेल. मग इथे समास कुठून आणायचा? तर ‘पतिते पतौ’च्या मध्ये अवग्रह, म्हणजे लोपलेल्या ‘अ’ची ‘ऽ’ ही खूण, धरायचा, ‘पतितेऽपतौ’. अपती म्हणजे अजून पती न झालेला, नुसतं वाङ्निश्चय झालेला मुलगा. झालं, श्लोक विधवेचा राहिलाच नाही, साखरपुडा मोडलेल्या मुलीचा झाला. व्याकरण चोख आहे, हे मान्य करायलाच हवं. पण प्रकरणाशी ताडून बघा. लगेच पुढचा श्लोक नवरा मेल्यावर ब्रह्मचर्याने राहणाऱ्या स्त्रीचा आणि त्याच्या पुढचा सहगमनाचा, म्हणजे सती जाण्याचा, आहे. त्या दोन्ही जागी लग्न झालेली बाई आणि फक्त पहिल्या जागी वाग्दत्ता? शिवाय स्मृतिग्रंथांत पाणिनीला न जुमानणारी रूपं काही कमी नाहीत. माधवाचार्यांनी या श्लोकावर भाष्य करताना पुनर्विवाह दुसऱ्या युगातला म्हणून बाजूला सारला होता, तोही आधार विरोधकांकडे होताच. 1856 मध्ये विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचं म्हणणं मराठीत आणलं, आणि 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या समोर यावर रीतसर वाद झाला. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला.

मग दोन विद्वान पक्षांपैकी बरोबर कोण हे कसं ठरवायचं? मीमांसेत एक उत्तर आहे, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सोमयागात सदस् नावाच्या मंडपात उंबराचा खांब पुरतात, ती औदुंबरी. श्रुती, म्हणजे वेद, सांगते की उद्गात्याने, म्हणजे साम गाणाऱ्या पुरोहिताने, तिला स्पर्श करून गायन करावं. एक स्मृती म्हणते, औदुंबरी पूर्ण वस्त्राने गुंडाळावी. पूर्ण गुंडाळली तर स्पर्श कुठे करायचा? मीमांसेची सूत्रं रचणाऱ्या जैमिनीचं सूत्र आहे की असा विरोध असेल तर स्मृती सोडून द्यावी. पुढचं सूत्र दोनच शब्दांचं: ‘हेतुदर्शनाच्च’. हेतू दिसतो म्हणूनही. त्याच्या आसपासच्या भाष्यात सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी आडपडदा न ठेवता लिहितात, की वस्त्राच्या लोभाने कुणी खांब पूर्ण गुंडाळला असेल आणि तीच पुढे स्मृती झाली असेल. यज्ञ संपल्यावर ते वस्त्र कुणाकडे जाणार हे उघड होतं.

इतक्या जुन्या, इतक्या कर्मठ शास्त्रात ‘यात फायदा कुणाचा?’ हा प्रश्न अधिकृतपणे विचारलेला आहे. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो, की श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं, दोन्ही माणसापुढे येतात आणि धीर पुरुष त्यांतून श्रेय निवडतो. अर्थ लावतानाही हे दोन्ही समोर असतातच. अर्थ लावणाऱ्याच्या पदरात जमीन, हुंडा, मान किंवा मोकळीक पडत असेल आणि भार दुसऱ्यावर येत असेल, तर त्या अर्थाला दुप्पट पुरावा मागायचा. ‘अग्नेः’ वाचणाऱ्यांतलं कुणीही स्वतः चितेवर चढणार नव्हतं. मात्र ही कसोटी उधळायची नाही. नंतरचे मोठे मीमांसक कुमारिलभट्ट यांना शबरांचं औदुंबरीचं उदाहरण पटलं नव्हतं; हाती पुरावा नसताना लोभाचा आरोप करणं त्यांना घाईचं वाटलं. हेतू दिसला तर शंका घ्यायची, निकाल पाठ आणि प्रकरण बघूनच द्यायचा.

आता अडचणीची जागा. पाठ शुद्ध आहे, प्रकरण तेच सांगतंय, आणि अर्थ तरीही वाईटच आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातलं ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ घ्या. ‘इथे संरक्षणाचं बोलणं आहे’ असं सांगून ते सावरणारे भेटतात. एकच श्लोक मागे जा: पुरुषांनी आपल्या स्त्रियांना रात्रंदिवस अस्वतंत्र ठेवावं. प्रकरणाने अर्थ मऊ होत नाही, आणखी घट्ट होतो. दुसरीकडे तिसऱ्या अध्यायातलं ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ भिंतीवर लावतात, पण तिथली पूजा पुढच्या श्लोकांत दागिने, वस्त्रं आणि जेवण अशी मोजून दिलेली आहे. दोन्ही श्लोक एकाच ग्रंथाचे आहेत, आणि एक दाखवून दुसरा झाकणं ही लबाडीच, मग ती भक्त करो की टीकाकार.

अशा ठिकाणी ओढूनताणून चांगला अर्थ काढण्यापेक्षा ‘हे सांगितलंय आणि हे आम्ही मानत नाही’ म्हणणं जास्त प्रामाणिक आहे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं, ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्ध्यांनी मांडला होता. तिथे ग्रंथाचा अर्थ कुणी चुकीचा लावला नव्हता, नीट लावूनच तो नाकारला होता. आणि नाकारण्याची सोय खुद्द परंपरेतही आहे. बृहस्पतीच्या नावावरचं वचन आहे, की केवळ शास्त्राचा आधार घेऊन निर्णय करू नये, युक्तिहीन विचाराने धर्महानी होते. मनुस्मृतीच्याच चौथ्या अध्यायात 176 वा श्लोक म्हणतो, की धर्माला सोडून असलेले अर्थ-काम टाकावेत. आणि ज्याचा शेवट दुःखात होतो, ज्याच्याविरुद्ध लोक आक्रोश करतात, असा धर्मसुद्धा टाकावा. हा श्लोक काही फोनवर फिरताना दिसत नाही. चौथा अध्याय, 176; आधीचे पाच आणि नंतरचे पाच श्लोक वाचून मगच पाठवा.