हाताने शिवलेली परकर-चोळी

मागच्या वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या शाळेत एक नाटुकले बसवले होते. पुण्यातील भिडेवाड्यात १८४८ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळेतील एका विद्यार्थिनीची भूमिका तिच्या वाट्याला आली होती. पोशाख भाड्याने आणावा म्हणून दुकानात गेले, तर पुढे आला तो चकचकीत सॅटिनचा परकर, कमरेला इलॅस्टिक, पाठीवर चेन आणि काठाला चिकटवलेली सोनेरी लेस. चार मिनिटांच्या प्रवेशाला एवढे पुरे, असे दुकानदाराचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. ज्या मुली त्या काळी घराचा उंबरठा ओलांडून अक्षरे शिकायला गेल्या, त्यांच्या अंगावर कोणते कापड असेल, याचा विचार आपण करायला हवा असे मनापासून वाटले आणि परकर-चोळी घरीच शिवायची ठरवली.

एकदा १८४८ हे साल समोर ठेवले की बरेच निर्णय आपोआप होतात. शिवणयंत्राचे एलायस होव यांचे अमेरिकेतील पेटंट १८४६ चे आणि सिंगर यांचे १८५१ चे. म्हणजे पुण्यातल्या मुलीचे कपडे हातानेच शिवलेले असणार. मुंबईतील पहिली कापूसगिरणी १८५४ नंतरची आणि आमच्या नागपूरची एम्प्रेस मिल तर १८७७ ची, म्हणून कापड हातमागाचे हवे. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली पर्किन यांना गवसला, तेव्हा रंगही झाडामुळांतूनच काढायचा. बटणे आणि चेन बाद झाली. चोळीला पुढे गाठ आणि परकराला नेफ्यात ओवलेली नाडी. एकच तडजोड मी जाणूनबुजून केली. चोळी कमरेपर्यंत लांब घेतली, कारण थंडीतल्या सकाळी मूल मंचावर अवघडून उभे राहायला नको होते.

निळीत रंगवलेले हातमागाचे कापड नागपूरच्या इतवारी बाजारात मिळाले. ते बेतण्याआधी दोनदा धुऊन घेतले, कारण असे कापड पहिल्या पाण्यात आटते आणि निळीचा रंगही सुरुवातीला सुटतो. चोळीचे कापड मात्र पांढरेच आणले आणि ते लाल रंगवायचे ठरवले. जुन्या काळी आपल्याकडे आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल रंग प्रसिद्ध होता. कारखान्यात तयार झालेल्या लाल रंगापुढे, १८७० नंतर, त्या पिकाचा टिकाव लागला नाही. मला किराणा ओळीतल्या जडीबुटीच्या दुकानात मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी दुसरी मुळी, मिळाली, तीच घेतली.

रंगवण्याचे काम मी समजले होते त्यापेक्षा कितीतरी नाजूक निघाले. सुती कापड नुसत्या मंजिष्ठेच्या पाण्यात घातले तर फिका गुलाबी रंग येतो आणि धुतल्यावर तोही उतरतो. आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवून वाळवायचे, मग तुरटीच्या पाण्यात ठेवायचे आणि त्यानंतरच मंजिष्ठा. दोनशे ग्रॅम कापडाला मी तीस ग्रॅम तुरटी आणि कापडाच्या वजनाइतकीच मंजिष्ठा घेतली. पहिला नमुना मी लोखंडी कढईत केला आणि तो पूर्ण वाया गेला. हिरड्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळाला आणि लाल होऊ घातलेल्या कापडावर शाईसारखे काळपट डाग उमटले. दुसऱ्या खेपेला स्टीलचे पातेले घेतले आणि पाणी उकळू न देता मंद आचेवर तासभर ठेवले, कारण उकळी फुटली की रंग तपकिरी होतो. पातेल्यातून कापड वर काढले तेव्हा त्याचा रंग पक्क्या विटेसारखा होता आणि गच्चीवर वाळताना तो उन्हात आणखी खुलला.

परकराला काठ हवा होता. माझ्या आजेसासूबाईंचे नागपुरी लुगडे ट्रंकेत होते. अंगाचे सूत विरले होते, पण करवती काठ अजून घट्ट होता. करवतीच्या दात्यांसारखी ती रांग विणतानाच मागावर उमटवतात, वरून छापत किंवा भरत नाहीत. मी कात्री घेतली आणि माझा हात अडला. सासूबाईंनी लुगडे आपल्याकडे ओढून घेतले. "कापू नको वो, फाड. सूत आपसूक सरळ जाते." त्यांनी काठाजवळ दातांनी एक खाच पाडली आणि लुगडे टर्रकन एका ओळीत फाटत गेले. अडीच मीटरच्या घेराला पुरेल एवढा काठ निघाला आणि उरलेला भाग त्यांनी घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवला.

शिवणकाम पंधरा संध्याकाळी चालले. दोरा मेणावरून ओढून घेतला की तो गुंतत नाही आणि टिकतोही. परकराचे पन्हे मी धावदोऱ्याने जोडले आणि दर बोटभर अंतरावर एक उलटी टीप घातली, म्हणजे एक टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. मुलीचे अंग वाढते, म्हणून काठाच्या वर चार बोटांची दुमड आत घेऊन ठेवली.

चोळी पहिल्यांदा घातली तेव्हा ती छान बसली, पण पाटी वर धरायला लेकीने हात उचलला आणि काखेतली शिवण करकरली. बाही मी अंगात सरळ जोडली होती. मग दोन्ही काखा उसवल्या आणि तळहाताएवढा चौकोनी तुकडा, ज्याला जुने शिंपी चौबगला म्हणतात, तिरका ठेवून बसवला. एवढ्याशा तुकड्यात चार कोपरे चुणी न पडता सांधायचे असतात. एका काखेला मला दोन तास लागले. त्यानंतर मात्र तिचा हात थेट डोक्यावर गेला आणि चोळी जागची हलली नाही.

नाटुकल्याच्या दिवशी चोळीची गाठ सासूबाईंनीच मारून दिली. परकर पायात येऊ नये म्हणून तो एका हाताने किंचित उचलून चालायचे असते, हे लेकीला कोणी शिकवले नव्हते; पायऱ्या चढताना तिने ते आपणहून केले.

या डिसेंबरात परकर तिला आखूड झाला, म्हणून दुमड उसवली. वरचा निळा धुऊन धुऊन आकाशी झाला आहे आणि काठावर चार बोटे रुंद गडद निळा पट्टा, पहिल्या दिवसाइतका ताजा, उमटला आहे. तो पट्टा झाकावा का, असे मी विचारले, तर तिने नको म्हटले.