माल्टीज फाल्कन : बारा प्रकरणं झाली, मन सातव्यात अडकलंय

तिसरा आठवडा. डॅशिएल हॅमेटच्या या रहस्यकादंबरीचं एक प्रकरण वाचायचं, लगेच तिच्यावरच्या जॉन ह्यूस्टनच्या सिनेमातला तेवढाच भाग बघायचा आणि वहीत टिपून ठेवायचं. वीसपैकी बारा झाली. पुस्तक १९३० चं, सिनेमा १९४१ चा, आणि कितीतरी संवाद इतके जसेच्या तसे उचललेत की ओळीवर बोट ठेवून सिनेमा ऐकता येतो. पुस्तकातला खाजगी गुप्तहेर सॅम स्पेड सोनेरी केसांचा आहे, पण सिनेमातला स्पेड, हम्फ्री बोगार्ट, एकदा बोलायला लागला की ते आठवतही नाही.

मध्यरात्रीच्या फोनचा प्रसंग मी चारदा पाहिला. पुस्तकात आधी अंधारात घंटा वाजते, पलंगाच्या स्प्रिंगा करकरतात, मग आवाज येतो. ह्यूस्टननेही कॅमेरा फोनवर आणि खिडकीच्या हलत्या पडद्यावर ठेवलाय, बोगार्टचा नुसता आवाज. भागीदाराचा खून झाल्याची बातमी आहे ही! हॅमेट मात्र स्पेडला काय वाटलं ते लिहितच नाही. स्पेड सिगारेट वळतो : कागदावर तंबाखू पसरणं, बोटांनी गुंडाळणं, कडेला जीभ लावणं. अख्खा परिच्छेद तेवढाच. संपूर्ण पुस्तकात लेखक कुणाच्याही मनात शिरत नाही.

म्हणूनच सातव्या प्रकरणातली फ्लिटक्राफ्टची गोष्ट इतकी मोलाची. टकोमाचा हा माणूस जेवायला निघालेला असताना बांधकामावरची तुळई शेजारी कोसळते, फरशीचा तुकडा उडून गालाला लागतो. त्याच दिवशी तो घरदार सोडून जातो. काही वर्षांनी स्पोकेनमध्ये सापडतो तेव्हा नवी बायको, नवं मूल, पण संसार अगदी पहिल्यासारखाच. स्पेड हे त्याच्याकडे मदत मागायला आलेल्या ब्रिजिडला सांगतो. ती ऐकून घेते आणि विषय बदलते. स्पेड जगाकडे कसं बघतो हे याहून जवळून कुठेच दिसत नाही, आणि सिनेमाने नेमकं तेच गाळलं.

शेवटाचंही तसंच. सिनेमा लिफ्टच्या जाळीपाशी संपतो. पुस्तकात त्यानंतर सोमवार सकाळचं ऑफिस आहे, आणि त्याची सेक्रेटरी एफी, जिचा स्पेडला आधार, तीच त्याचा हात अंगावरून बाजूला करते. हे दोन्ही काढल्यावर सिनेमातला स्पेड जास्त हिरो वाटतो. मला पुस्तकातला जवळचा वाटतो.

पुढचं प्रकरण तेरावं. फाल्कनच्या, म्हणजे ससाण्याच्या मौल्यवान पुतळ्याच्या मागावर असलेला गटमन त्या पक्ष्याचा इतिहास सांगत स्पेडचा पेला भरतो. गटमन झालेल्या सिडनी ग्रीनस्ट्रीटचा हा पहिलाच सिनेमा, वयाच्या ६१ व्या वर्षी. रविवारी निवांत बसून बघणार आहे.