के कोपरा, रेवाळ चाल आणि सहाशेची नाल

मैदान 20 बाय 60 मीटर, वाळूचं. घोड्याला तबेला मोफत. सरावाची जागा वेगळी. मोबाईलवर आलेल्या ड्रेसाज स्पर्धेच्या, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या स्पर्धेच्या, पत्रकात असं लिहिलं होतं. यातलं एकही खरं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. आयोजकांचं नाव लिहीत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचं आहे.

मी चोपड्याची. आठवडाभर मेडिकलच्या दुकानात बसते, उरलेल्या वेळात मैनावर. मैना मारवाडी घोडी आहे, कुमैत (तांबूस तपकिरी), पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरं), कानांची टोकं एकमेकांना भिडतात. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. आधीच्या मालकाने तिच्या तोंडात काट्याचा लगाम घातलेला होता. तो त्याच दिवशी फेकला. साध्या स्नॅफलवर, म्हणजे बिनकाट्याच्या सौम्य लगामावर, यायला तिला सात-आठ महिने लागले. हे सांगायचं कारण असं, की ड्रेसाजला सुरुवातीच्या पातळीवर साधी स्नॅफलच लागते. काट्याचा लगाम घेऊन येणाऱ्याने गाडीतून घोडा उतरवूही नये.

स्पर्धा शहाद्याच्या बाजूला, तापीच्या अलीकडच्या एका शेतावर होती. चोपड्याहून शिरपूरमार्गे गेलो. पहाटे साडेतीनला निघालो, पिकअपमध्ये मागे कडबा अंथरून, आबा घोडीजवळ उभे. आबा म्हणजे आमचे मोतद्दार, घोडीची देखभाल तेच करतात. चोपडा ते अनेर नदी एवढ्या टप्प्यात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. मैना शिरपूरलाच घामाने ओली. या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याबद्दल एकच सांगते: घोडा असेल तर जाऊ नका. येताना आम्ही दोंडाईचा, शिंदखेडा, बेटावद, अमळनेर असे रेल्वेच्या कडेकडेने आलो. तो रस्ता लांब पडतो, पण घोडी उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. पिकअपवाल्याने ठरलेल्या साडेसहा हजारांचे साडेसात केले, 'थांबायचे' म्हणून. तसं आधी कागदावर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं परतीच्या वाटेवर बदलतं.

पोचलो तर वाळू नाहीच. कापूस काढून रोटाव्हेटर फिरवलेलं वावर, त्यावर चुन्याची रेघ, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांवर रंगवलेली अक्षरं. पावलांनी मोजलं. 20 बाय 40. महिनाभर मी आमच्या शेतात 60 मीटरची दोरी लावून सराव केला होता. लांब बाजू वीस मीटरने कमी झाली की प्रत्येक अक्षर लवकर येतं, घोडीला सावरायला दोन श्वास कमी मिळतात. ज्यांनी ड्रेसाज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ए वरून आत शिरायचं, समोरच्या टोकाला सी, तिथे परीक्षक बसतात. आत जाताना डाव्या हाताला के, ई, एच आणि उजव्या हाताला एफ, बी, एम. कुठल्या अक्षराला काय करायचं हे कागदावर ठरलेलं असतं, आणि प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण.

आता के कोपऱ्याबद्दल. के आणि ए यांच्या मधला कोपरा. वावराला त्या बाजूला उतार, पलीकडे पाण्याची चारी, आणि रात्री शेजाऱ्याच्या गव्हाला बारं दिलेलं. पाणी पाझरून कोपऱ्यात आलं होतं. वरून काही दिसत नव्हतं, काळी माती वाळलेली, भेगाही पडलेल्या. पण टाच दाबली की घोटा आत. मी सकाळी सातला मैदान बघितलं ते कुंपणाबाहेरून, चहाचा कप हातात धरून. आत जाऊन चालले असते तर कळलं असतं. तेव्हा पहिला सल्ला हा: आयोजक काहीही म्हणोत, पूर्ण रेघ पायांनी चालून या, चारही कोपऱ्यांत टाच रोवून बघा. ओली काळी माती घोड्याच्या पायाला डिंकासारखी धरते.

आयोजकांपैकी एकाला दाखवलं. ते म्हणाले, "ताई, उन्हाने वाळंन ते." दुपारी एकपर्यंत वाळलं नाही. कोणी दोन घमेली भुसा टाकला असता तरी भागलं असतं. भुशाचा ढीग पन्नास पावलांवर पडलेला होता.

आणि माझ्या चाचणीत, म्हणजे त्या कागदावरच्या हालचालींत, तो कोपरा चार वेळा. एकदा उजव्या फेरीत, तीनदा डाव्या. त्यात डाव्या बाजूची कॅंटर (दुडकीच्या पुढची, झेपा टाकत जाणारी चाल) नेमकी 'के आणि ए यांच्या मध्ये' सुरू करायची होती. मी कागदाकडे बघत राहिले.

माझा क्रमांक 14, वेळ दहा चाळीसची. प्रत्यक्षात एक वाजून दहा मिनिटांनी बोलावलं. सरावाची जागा म्हणजे गाड्या लावल्या होत्या तो बांध. अडीच तास घोडी तापवायची, थंड करायची, परत तापवायची. दहाला भरपूर सराव करून घेणाऱ्यांचे घोडे एकपर्यंत विझलेले होते. तुमच्या आधीचे तीन स्वार उरले की मगच खोगीर कसा.

घंटा म्हणून झाडाला टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा. मोठ्या स्पर्धांच्या नियमांत घंटेनंतर आत शिरायला 45 सेकंद असतात. इथे कोणी मोजत नव्हतं, मी मात्र मनात मोजत होते. शिरले, एक्स वर, म्हणजे मैदानाच्या मध्यावर, थांबले, सलाम केला. मैना चारही पायांवर चौकोनी उभी. सीला उजवीकडे वळले. एच आणि सी यांच्या मध्ये उजवी कॅंटर मागितली आणि तिने ती दिली. खांद्यातून वर उचलून, कान पुढे. त्या कोरड्या टोकाला वीस मीटरचं वर्तुळ काढलं. ते करताना मला हसू येत होतं. सात गुण मिळाले. पहिल्याच स्पर्धेत सात. (हे वाक्य घरच्यांना आतापर्यंत बऱ्याचदा ऐकवून झालं आहे.)

मग एम पासून के पर्यंत तिरक्या रेघेत मोकळी चाल, मान लांब सोडून. तीही बरी झाली. आणि मग तो कोपरा.

तिसऱ्यांदा आत शिरताना मी डावी कॅंटर मागितली. मैनाचा मागचा पाय रुतला, तिने तो ओढून काढला, आणि कॅंटरऐवजी रेवाळ सुरू केली. एफ, बी, एम, सगळी लांब बाजू रेवाळ. वर बसणाऱ्याच्या हातातल्या वाटीतलं पाणी सांडू नये अशी. कुंपणावरचे यात्रेला जाणारे शौकीन खूश. एकाने शिट्टी मारली, दुसरा ओरडला, "ताई, नाचव ना तिले!" परीक्षकांनी तीन गुण दिले.

इथे मला खरं बोलायला हवं. कोपरा वाईट होताच, पण रेवाळ कोपऱ्याने आणली नाही, ती मैनाच्या अंगातच आहे. बाजारात तिची किंमत त्या चालीवर ठरली होती, मीही त्याच चालीला भुलून पैसे मोजले होते. ड्रेसाजमध्ये दुडकी म्हणजे दोन ठोके: पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र, मग दुसरी जोडी, आणि मधल्या क्षणी चारही पाय जमिनीवरून सुटलेले. रेवाळीत चार ठोके पडतात, एका बाजूचे पाय पाठोपाठ, आणि एक ना एक पाय जमिनीवर असतोच. स्वाराला धक्का बसत नाही तो त्यामुळेच. यात्रेत जिला भाव, तिलाच इथे तीन. परीक्षकांनी नंतर शांतपणे समजावलं: घोडी घाबरली किंवा तोल गेला की ती ओळखीच्या चालीत पळते, तेव्हा जमिनीवर आडवे बांबू ठेवून त्यावरून दुडकी पक्की करा, घाई करू नका. दिवसभरात ऐकलेली ही एकच कामाची गोष्ट.

2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत 41 वर्षांनी सुवर्ण. तेव्हापासून आमच्याकडेही हा शब्द लोकांना माहीत झालाय. त्यातली सुदीप्ती हजेला इंदूरची, म्हणजे आमच्या सातपुड्यापलीकडची. पण त्यांचे घोडे युरोपातले, याच कामासाठी पैदास केलेले, आणि स्वारही तिकडे राहून शिकलेले. ते बघून रेवाळ घोडी घेऊन निघणाऱ्यांनी पन्नास टक्क्यांचं मन करून निघावं. मला 53 मिळाले.

चौथ्या फेरीला कोपऱ्यात 'चप्प' असा आवाज झाला आणि पुढच्या उजव्या पायाची नाल मातीतच राहिली. वळले, मधल्या रेघेवर आले, थांबले, सलाम. लंगडत नव्हती म्हणून पूर्ण करता आलं. बाहेर आल्यावर आबांनी पाय उचलून बघितला आणि म्हणाले, "घोडीना दोष नही शे, वावरना शे." मी लगेच मान डोलावली.

नालबंद मैदानावर एकच. चोपड्यात चारही पायांचे सातशे घेतात, त्याने एका नालेचे सहाशे घेतले, आणि घासाघीस करायला लागले तर पेटी बंद करून उठला. 'मोफत' तबेला म्हणजे चार बांबू आणि हिरवी जाळी, त्याचे आठशे. हे आठशे मी अजून विसरलेले नाही. पाण्याचा ड्रम पन्नास. कडब्याची पेंढी चाळीस, तीही दादरची नव्हे, कसल्यातरी संकरित ज्वारीची, मैनाने हुंगून सोडून दिली. प्रवेश फी दीड हजार. गाडीभाडं धरून दिवसाचे जवळपास साडेदहा हजार गेले, आणि हातात एक प्रमाणपत्र, ज्यावर माझं आडनाव चुकलेलं.

जाणार असाल तर स्वतःच्या दोन नाला, खिळे आणि ठोकता येणारा माणूस बरोबर न्या. चारा घरचा, पाण्याचे कॅन घरचे, पशुवैद्यकाचा दाखला गाडीत. चाचणी वाचून दाखवायला माणूस चालतो का, ते आधी फोनवर विचारा. आम्हाला चालत होता हे मला तिथे कळलं, आणि आबांना अक्षरं वाचायला चष्मा नव्हता. मैदानाचा फोटो मागवा, जुना नको, त्या आठवड्यातला. हेल्मेटचं वेगळं सांगत नाही.

मैना आता रोज संध्याकाळी बांबूंवरून जाते. पहिले दहा दिवस तिने प्रत्येक बांबूवर पाय आपटला, अकराव्या दिवशी सहाच्या सहा ओलांडले.

नाल अजून त्या वावरात के कोपऱ्यातच असेल. नांगरताना कोणाला सापडली तर जपून ठेवा, मी पुढच्या वर्षी घ्यायला येते.